नंदीबैलाचा पत्ता कुठला टाकायचा?

प्रिय भावड्या,

फोनवर बोलणं अर्धवट राहिलं म्हणून लिहितोय, आणि जरा काम पण आहे तुझ्याकडे.

मागच्या वर्षी आमच्याकडे बारावीला नंदीवाल्यांची एक पोरगी होती, सीईटीत भारी मार्क पाडले, पुण्यात इंजिनिअरिंगला एनटी-बी मधून, म्हणजे भटक्या जमातींच्या राखीव जागेतून, सीट लागली, पेढे वाटून झाले आणि मग सुरू झालं व्हॅलिडिटीचं, म्हणजे जातीचा दाखला पडताळून घ्यायचं, लफडं. भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा मागतात. आता तिचा आजा जन्मभर नंदीबैल घेऊन गावोगाव फिरला, शाळा नाही, सातबारा नाही, त्याचा कागद आणायचा कुठून? पोरगी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदं घेऊन महिनाभर चकरा मारत होती, खिडकीवरचा माणूस म्हणायचा "हे चालणार नाही", काय चालेल ते कोणी सांगेना.

शेवटी कळलं की एक चुलत आजा लहानपणी दोन वर्षं शाळेत बसला होता. तिच्या वडलांना बाइकवर मागे बसवून गेलो. हेडमास्तरांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, कसर लागलेलं, पान उलटलं की तुकडा पडायचा, आणि 1958 च्या पानावर निळ्या शाईत 'नंदीवाले'. त्या माणसाला वाचता येत नाही रे, पण त्या ओळीवर बोट ठेवून तो उठायलाच तयार नव्हता.

सीट वाचली. पण फी सरकार भरतं, मेसचं काय? होस्टेलला नंबर लागला नाही. होस्टेल न मिळालेल्या पोरांसाठी सरकारची आधार योजना आहे, तिच्यात पुण्यात राहणाऱ्यांना वर्षाला 60 हजार आहेत, पण ते खात्यावर येईपर्यंत मेसवाला थोडीच थांबतो! शाहू महाराजांचं डोकं बघ, नोकऱ्यांत 50 टक्के राखीव जागांचा हुकूम 1902 चा, पण कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग त्याआधीच, 1901 ला. खेड्यातलं पोरगं राहील कुठं, खाईल काय हे आधी सुचलं त्यांना. आपल्याकडे सीट देतात आणि म्हणतात बघ आता तुझं तू.

परवा फोनवर म्हणाली, "सर, लेक्चर सगळं इंग्लिशमधून, डोक्यावरून जातं, परत येऊ का?" मी काय सांगणार, मी बीएवाला.

रविवारी तिला भेट ना एकदा. वहिनींना पण ने सोबत, म्हणजे ती बुजणार नाही. मेसचं मी बघतो. तू फक्त इंजिनिअरिंगला तुझी एम-थ्री, म्हणजे ती तिसरी गणिताची परीक्षा, तीनदा कशी राहिली होती ते सांग, आणि जुन्या नोट्स असतील तर दे.

तुझा,
बीएवाला