जुन्या बाजारातल्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाईलवर असलं काही वाचत नाही माहितीये मला, पण तुमच्या नातवाला सांगून ठेवलंय, रात्री जेवणं झाली की तो वाचून दाखवेल. समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे गं, चहा घे आधी" म्हणून विषयच बदलता, म्हणून लिहितेय आणि सगळ्यांसमोर लिहितेय.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आजोबांचं नारायण पेठेतलं घर रिकामं करायचं होतं तेव्हा माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. उचलताना हाताला ओढ बसेल इतका जड, आत थोडी नाणी आणि बाकी सगळे नाण्यासारखे दिसणारे तांब्या-पितळेचे बिल्ले, कुणावर दुकानाचं नाव, कुणावर तराजू, कुणाला वर भोक पाडलेलं. घरात कुणालाच काही कळेना. एका दुकानात नेला तर त्यांनी आत नीट न बघताच डबा काट्यावर ठेवला आणि मोडीचा भाव सांगितला, आणि काका, मी देणार होते, खरंच देणार होते. दुसऱ्या दिवशी बुधवार होता म्हणून म्हटलं जाता जाता जुन्या बाजारात एकदा विचारून बघू.

तुमच्या पथारीवर कुलपं, अडकित्ते, बंद पडलेली घड्याळं. मी डबा पुढे केला तर तुम्ही आधी पेपर अंथरला, एकेक बिल्ला कडेला धरून ठेवत गेलात आणि पहिला प्रश्न विचारलात तो "किती पाहिजेत" हा नव्हता. "हे पाच कुणी घासले?" मी आदल्या रात्री चिंच-मीठ लावून घासले होते, देवाची भांडी घासतो ना तसे, चकचकीत दिसले तर चांगले पैसे येतील म्हणून. तुम्ही ओरडला नाहीत. घासलेला एक आणि न घासलेला एक असे दोन्ही उन्हात शेजारी ठेवलेत आणि भिंग माझ्या हातात दिलंत. घासलेल्याची अक्षरं साबणाच्या वडीवरच्या नावासारखी बसली होती आणि न घासलेल्याची प्रत्येक कड उभी होती. "ही तांब्याची कातडी आहे, सोलली की परत येत नाही." ते वाक्य मी त्या दिवशी घरी जाऊन वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

त्यानंतर कितीतरी रविवार नि बुधवार. मळ काढायचा तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून पाणी बदलत राहायचं, काडी लाकडाची घ्यायची, पुसायचं नाही तर टिपायचं. हिरवा कळक चढला असेल तर ऑलिव्ह ऑईलमध्ये बुडवून आठवडेच्या आठवडे थांबायचं. मऊ प्लास्टिकची पाकिटं कितीही स्वस्त मिळाली तरी घ्यायची नाहीत, काही वर्षांनी ती चिकट होतात आणि धातू खातात. पण या सगळ्यापेक्षा तुम्ही मला बिल्ला वाचायला शिकवलंत ते मोठं. आणे लिहिलेत म्हणजे बहुतेक १९५७ च्या आधीचा, कारण त्या एप्रिलपासून नवे पैसे आले. दूध शेरावर लिहिलंय म्हणजे किलो-लिटर रुळायच्या आधीचा. पत्ता आहे आणि पिनकोड नाही तर बहुतेक १९७२ च्या आधीचा. आणि अक्षरं पुसट असली तर खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च वरून मारायचा नाही, टेबलाला टेकवून आडवा धरायचा, मग अक्षरांची सावली पडते आणि नाव वर येतं.

असंच एकदा रात्री आई शेजारी बसलेली असताना मी तो तराजूवाला पितळी बिल्ला धरला. आधी बुधवार पेठ दिसलं, मग कापडाचे व्यापारी, मग खाली २ आणे सूट. दुकानाचं नाव अर्धंच लागत होतं, आईनेच ते पूर्ण केलं. तिच्या आईची लुगडी तिथली असायची म्हणे, आणि दुकानाच्या पायरीवर बसून तिने खाल्लेली गोळी तिला आठवली. आजोबांनी तो बिल्ला खर्च केला नाही, सूट घेतली नाही, ठेवून दिला. आई त्या दिवशी खूप वेळ बोलत होती, आजोबा गेल्यापासून इतकी बोलली नव्हती.

आणि तो मोठा तांब्याचा. मी त्याला राणीच्या राज्यातलं कुठलंतरी नाणं समजत होते. तुम्ही उलटा केलात आणि म्हणालात, "हे नाणं नाही पोरी, ही जाहिरात आहे." एका बाजूला कल्ले ठेवलेल्या माणसाचा चेहरा आणि प्रोफेसर होलोवे, लंडन, दुसऱ्या बाजूला बसलेली आरोग्यदेवता, साप, होलोवेच्या गोळ्या आणि मलम, खाली १८५७. रात्री बसून वाचलं. थॉमस होलोवे स्वतःला प्रोफेसर म्हणवायचा, कुठे शिकवत वगैरे नव्हता, पण गोळ्या-मलमाची जाहिरात त्याने जगभर केली आणि १८५७ नि १८५८ साल घातलेली ही पेनी आणि अर्धी पेनी पाडून घेतली. ऑस्ट्रेलियात तेव्हा सुट्ट्या तांब्याच्या पैशांची इतकी टंचाई की व्यापाऱ्यांचे असले बिल्ले सरळ पैसे म्हणून चालायचे, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाईक त्याची जाहिरात खिशात घेऊन फिरतंय! त्याच कमाईतून पुढे लंडनजवळ मुलींचं कॉलेज उभं राहिलं, १८८६ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते उघडलं. आजोबा बरीच वर्षं मुंबईला गोदीत होते, तिथेच कधीतरी कुणा खलाशाकडून हातात आला असणार.

मग मी मागे मागेच वाचत गेले. इंग्लंडमध्ये त्याच्याही आधी, १७८७ पासून, सरकारी चिल्लर पुरेना म्हणून खाणवाल्यांनी आणि दुकानदारांनी स्वतःचीच नाणी पाडली होती. लॅकिंग्टन नावाच्या पुस्तकविक्याने तर १७९४-९५ च्या सुमारास अर्ध्या पेनीच्या टोकनवर, म्हणजे असल्याच बिल्ल्यावर, जगातले सगळ्यात स्वस्त पुस्तकविक्रेते असं कोरून घेतलं, हे वाचल्यावर मला थेट पुस्तकांच्या दुकानांचा आपला अप्पा बळवंत चौकच डोळ्यासमोर आला. आपल्याकडे टंचाईची गोष्ट निघाली की आई १९४३ चा भोकाचा पैसा काढून दाखवते, तोही त्याच डब्यातला.

काका, त्या पहिल्या बुधवारी शेजारच्या पथारीवरच्या माणसाने होलोवेचे पाचशे रुपये लगेच पुढे केले होते. मी हात पुढे करणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "ती विकत नाहीये. तिला आधी वाचू दे." तुम्ही स्वतः तीनशे दिले असतेत तरी मी आनंदाने सगळा डबा ठेवून गेले असते, मला काय कळत होतं? तुमचा तो दिवस तसा रिकामाच गेला होता, संध्याकाळपर्यंत दोन कुलपं खपली होती, मी बघत होते. तरी तुम्ही माझ्याकडून भिंगाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत.

आता एकशे बारा बिल्ले कागदी पाकिटात आहेत, प्रत्येकावर वजन, व्यास आणि कुठे सापडला ते लिहिलेलं. घासलेले ते पाचही आहेत, वेगळ्या पाकिटात.

येत्या रविवारी येतेय. तांबट आळीतून तुमच्यासाठी तो छोटा मठारलेला तांब्या घेतलाय, नाही म्हणायचं नाही. गुडघ्याचं तेल लावताय ना रोज? आणि कोपऱ्यातला तो दुधाचा बिल्ला, ज्यातला मधला शब्द आपल्या दोघांनाही लागला नव्हता, तो मी आडव्या टॉर्चखाली परत धरला. शब्द लागला. काय आहे ते समोरच सांगते.

तुमची,
डबेवाली पोरगी