कैरोच्या मेट्रोतल्या काकूंना थँक्यू
सदात स्टेशनवरच्या त्या दोघी काकू आणि ती कॉलेजची पोरगी, तुमची नावंही विचारायची राहिली, पण खूप खूप आभार. तहरीर चौकापासून एकजण मागेच लागलेला, गाइड पाहिजे का, गाइड पाहिजे का, मी ‘ला शुक्रन’ (नको, थँक्यू) म्हणून म्हणून दमले तरी हा प्लॅटफॉर्मपर्यंत आला, आणि तुम्ही काही न विचारता हात धरून मला लेडीज डब्यात ओढलंत (तिथे हे डबे गाडीच्या मध्यावर असतात, एकट्या जाणाऱ्यांनो तिथेच उभ्या रहा). काकूंनी त्याला अरबीत जे काय झापलंय ना, शब्द कळला नाही पण विरार लोकल आठवली! टूरिस्ट पोलिसांचा १२६ नंबरसुद्धा त्या पोरीनेच माझ्या फोनमध्ये सेव्ह करून दिला. आणि गिझाला टॅक्सीवाल्याशी भाव ठरवून देणाऱ्या ताई, तुम्हालाही शुक्रन.