पत्ते मोजणे ही लबाडी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ब्लॅकजॅक या कॅसिनोतल्या पत्त्यांच्या जुगारात पत्ते मोजणाऱ्यांना आपल्या अंकात सरसकट ‘लबाड’ म्हटलेले वाचून राहवले नाही. मी मूळचा सांगलीचा, आता न्यू जर्सीत. बारा वर्षे ब्लॅकजॅक खेळतो. दुर्री ते छक्की पडली की अधिक एक, दश्शी, चित्र किंवा एक्का पडला की उणे एक. ही बेरीज मनात चालू ठेवायची आणि ती वाढली, म्हणजे मोठी पाने जास्त शिल्लक असली, की पैज वाढवायची. यात ना खुणा, ना यंत्र, फक्त स्वतःचे डोके.

तरीही चोरासारखे वागावे लागते. 25 डॉलरवरून एकदम 200 वर गेलो की पिट बॉस, म्हणजे टेबलांवर नजर ठेवणारा कॅसिनोचा माणूस, पाठीशी येऊन उभा. म्हणून तासाभरात टेबल सोडतो, पत्ते नव्याने पिसल्यावर पैज लगेच खाली आणत नाही. कॅसिनोवाले नेमके तेच बघत असतात. लास वेगासला कॅसिनोच्या एका माणसाने हळूच सांगितले, “साहेब, दुसरे काहीही खेळा, ब्लॅकजॅक नको.” चिप्स गोळा करताना माझी बोटे थरथरत होती. अख्खे टेबल माझ्याकडे बघत होते.

लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात खेळाडूला असे उठवणे कायद्याने चालते. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 1982 मध्ये पत्ते मोजणारे खेळाडू केन उस्टन यांच्या खटल्यात सांगितले, की राज्याच्या कॅसिनो नियंत्रण आयोगाचा नियम नसताना कॅसिनोला केवळ पत्ते मोजतो म्हणून खेळाडूला हाकलता येणार नाही. न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंत आता हाकलत नाहीत, मोजणी वाया जावी म्हणून मध्येच पत्ते पिसतात.

तो शब्द कृपया मागे घ्यावा.

– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी