सनावळी चोख आहे, पण तुझं म्हणणं काय?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध वाचला. ‘ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या सारायेवोतल्या हत्येमुळेच पहिलं महायुद्ध पेटलं, हे म्हणणं कितपत पटतं?’ असा प्रश्न आहे आणि तू चार पानं भरून लिहिलं आहेस. सनावळीत एकही चूक सापडली नाही. पण ते म्हणणं तुला पटतं की नाही, हे शेवटपर्यंत वाचूनही मला कळलं नाही. काय काय घडलं ते तू सांगितलंस. विचारलं होतं तुझं मत, आणि तेही पुराव्यानिशी दुसऱ्याच्या गळी उतरवायचं होतं.

म्हणून आधी उत्तर ठरव, एका वाक्यात. ‘अनेक कारणं होती आणि सगळीच महत्त्वाची होती’ हे तळ्यात-मळ्यात झालं. ज्याला कुणी विरोधच करणार नाही ते पटवून द्यायला निबंध कशाला लागतो? त्यापेक्षा असं काही म्हण : ‘हत्या हे निमित्त होतं, युद्ध युरोपभर पसरलं ते त्यानंतरच्या पाच आठवड्यांत ऑस्ट्रियाच्या व्हिएन्नात आणि जर्मनीच्या बर्लिनमध्ये घेतलेल्या निर्णयांमुळे.’ यावर कुणीतरी लगेच म्हणेल, रशियाला कसं सोडलंस? म्हणू दे, वाद घालता येतो म्हणजे वाक्य कामाचं आहे. (मला स्वतःला रशियाचा वाटा जरा जास्त वाटतो, पण निबंध तुझा आहे.)

प्रस्तावनेत तू १८७१ सालच्या जर्मन एकीकरणापासून सुरुवात केली आहेस. नमनालाच घडाभर तेल! चार-पाच वाक्यं पुरेत : प्रश्नातला वाद काय, तुझं उत्तर काय, आणि ते कुठल्या क्रमाने दाखवणार. ते एकीकरण घडवणाऱ्या बिस्मार्कला खुशाल वगळ.

आता परिच्छेद. खरी मेहनत इथेच आहे. तुझा दुसरा परिच्छेद ‘२८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाचे युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड सारायेवोला गेले’ असा सुरू होतो. ही घटना झाली, मुद्दा नव्हे. त्याऐवजी पहिलं वाक्य असं कर : ‘हत्या आणि युद्ध यांच्यात पूर्ण एक महिना गेला, आणि त्या महिन्यात माघार घ्यायला जागा होती.’ मग त्याखाली पुरावा मांड. ५ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला पूर्ण पाठिंब्याचा शब्द दिला. २३ जुलैला ऑस्ट्रियाने हत्येचा ठपका ठेवून सर्बियाला अटींचा निर्वाणीचा खलिता धाडला, मुदत ४८ तासांची. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या, तरी २८ जुलैला युद्ध पुकारलं गेलं. इथे थांबू नकोस. तुझे सगळे परिच्छेद असेच तारखेवर येऊन संपतात, आणि त्यातून काय निघतं हे वाचणाऱ्याने आपलं आपण ओळखायचं! ते तूच लिही : बहुतेक अटी मान्य होऊनही युद्ध पुकारलं, म्हणजे व्हिएन्नाला भरपाई नको होती, युद्धच हवं होतं.

खर्डा झाला की प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य ओळीने मोठ्याने वाच. तेवढ्यावरून युक्तिवाद कळला पाहिजे. नुसत्या तारखा ऐकू आल्या तर ती जंत्री आहे.

त्या दिवशी सकाळी फसलेला बॉम्ब, मग चुकीच्या रस्त्याला वळलेली गाडी, ती नेमकी मारेकरी गाव्रिलो प्रिन्सिपच्या समोर येऊन थांबणं, यावर तू जवळजवळ पानभर लिहिलंस. रंगलंय छान, पण तुझ्या उत्तराला त्याचा काडीचा उपयोग नाही. ‘युद्ध योगायोगाने झालं’ असा तुझा दावा असता, तर हाच मजकूर कामी आला असता. काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे दाव्यावरून ठरतं.

विरुद्ध बाजू तू एका ओळीत उडवून लावली आहेस. तसं करू नकोस, ती तिच्या सगळ्यात भक्कम रूपात मांड. लोक म्हणतात, करारांच्या साखळीने एकेका देशाला ओढत नेलं, निर्णयाला वावच नव्हता. मग इटलीकडे बोट दाखव. १८८२ पासून ती जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गोटात होती, तरी १९१४ मध्ये तटस्थ राहिली आणि मे १९१५ मध्ये चक्क ऑस्ट्रियाविरुद्ध उतरली. म्हणजे करार असूनही निवड करता येत होती. मात्र बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणारा १८३९ चा करार ब्रिटनच्या युद्धप्रवेशात महत्त्वाचा ठरला, तेवढं मान्य करून टाक. थोडं कबूल केल्याने तुझी बाजू लंगडी पडत नाही, उलट वाचणाऱ्याचा तुझ्यावर विश्वास बसतो. हा परिच्छेद समारोपाच्या आधी घे. अगदी शेवटी टाकलास तर समोरच्याचंच म्हणणं लक्षात राहील.

युद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहातलं, युद्धाचा दोष जर्मनीवर टाकणारं कलम २३१ तू जर्मनीच्या जबाबदारीचा पुरावा म्हणून दिलं आहेस. ते १९१९ मध्ये जेत्यांनी लिहिलं आणि हरलेल्यांना त्यावर सही करावी लागली. वापरायचं तर हे सांगून वापर, नाहीतर जुलै १९१४ चीच कागदपत्रं जास्त बोलकी आहेत.

समारोपात नवा पुरावा नको. प्रश्नातल्या ‘कितपत’ला सरळ उत्तर दे : हत्येशिवाय त्या उन्हाळ्यात युद्ध झालं नसतं, पण हत्येने ते अटळही केलं नव्हतं. झालं.

सुधारलेला खर्डा पूर्ण व्हायची वाट बघू नकोस. पहिली वाक्यं तेवढी आधी पाठव.

तुझी,
आई

ता. क. व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या त्या २८ जून १९१९ ला, हत्येला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी. शेवटच्या ओळीत हे घालायचा मोह तुला होणार, मी ओळखते तुला. घालू नकोस, तुझ्या मुद्द्याला त्याने काहीच हातभार लागत नाही.