‘वळ दाखवा’

संपादक महोदय,

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं, बहुतेक तिसरी-चौथीला. एका मुलाच्या गणिताच्या वहीचं शेवटचं पान अजून डोळ्यांपुढं आहे. आईच्या हातचा हिशोब: कोथिंबीर 10, काडेपेटी 2, रिक्षा 20. प्रत्येक ओळीपुढं वडिलांची लाल पेनानं बरोबर किंवा फुली. रिक्षाच्या वीस रुपयांवर फुली, शेजारी ‘पाय नाहीत का?’ मीही लालच पेन वापरायचे. मी वही तपासायला घेतली की हे पोरगं श्वास रोखून का उभं राहायचं, ते तेव्हा उमगलं.

हुशार होता, पण चुकेल या भीतीनं उत्तरच लिहायचा नाही. मधल्या सुट्टीत घर-घर खेळताना मात्र आवाज चढायचा: ‘अक्कल आहे का तुला? दे हिशोब!’ पोरी हसायच्या.

आईला बोलावलं. ‘सगळं चांगलंय बाई,’ एवढंच म्हणाली. दोन महिन्यांनी बोलती झाली. नवरा हात उचलत नव्हता. आठ-आठ दिवस अबोला, आणि निरोप पोराकरवी: ‘तुझ्या आईला सांग, मीठ जास्त झालंय.’ माहेरी फोन करायचा, तोही नवऱ्यासमोर, स्पीकरवर. धीर करून पोलिसांकडं गेली, तर पहिला प्रश्न, ‘मारलंय का? वळ दाखवा.’ माहेरचेही म्हणाले, पीत नाही, मारत नाही, मग काय? (मीही आधी हेच विचारलं होतं, खोटं का बोलू.)

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याच्या कलम 3 मध्ये मारहाणीच्या बरोबरीनं अपमान, शिव्या, धमक्या आणि पैशाची कोंडीही हिंसाचारच धरलीय. वळांची अट नाही. या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी अर्ज करायला मदत करतात. मॅजिस्ट्रेट राहत्या घराचा, खर्चाचा, मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचाही आदेश देऊ शकतात. मला हे कळलं निवृत्तीच्या वर्षी.

आमच्या शाळेच्या भिंतीवर मुलांसाठीचा मदतीचा फोन नंबर 1098 रंगवलाय. त्याखाली बायकांसाठीचा 181 आणि संरक्षण अधिकाऱ्यांचा नंबर लिहायला असा किती रंग लागतो? पालकसभेला बहुतेक आयाच येतात.

– एक निवृत्त शिक्षिका, जि. सांगली
(नाव छापू नये. गाव लहान आहे, मुलगा ओळखू येईल.)