गेमचे मोल तासांत नको

महोदय,

चार हजार रुपये मोजल्यावर व्हिडिओ गेम किमान पन्नास तास तरी चालायलाच हवा, हे रविवारच्या पुरवणीतील लेखाचे म्हणणे पटले नाही. २००७ मधील ‘पोर्टल’ तीन-चार तासांत संपतो, २०१२ मधील ‘जर्नी’ तर दोन तासांच्या आसपास; तरीही दोन्ही आजही नावाजले जातात. याउलट ‘असॅसिन्स क्रीड व्हल्हाला’ची (२०२०) मुख्य कथाच साधारण साठ तासांची, आणि त्यातला बराच वेळ नकाशावरच्या एका खुणेपासून दुसरीपर्यंत जाण्यात सरतो. विरार-बदलापूरहून मुंबईत रोज लोकलने ये-जा करणाऱ्याला रात्री जेमतेम तासभर मिळतो. त्याने हा गेम दोन महिने पुरवायचा आणि मध्ये आठवडाभर खंड पडला, की कोणते बटण कशासाठी हेच विसरायचे!

‘द विचर ३’सारख्या गेममध्ये उपकथानकेही जीव ओतून लिहिलेली असतात; तिथे लांबी खटकत नाही. पण तासांच्या मोजपट्टीचा खरा फटका छोट्या निर्मात्यांना बसतो. ‘स्टीम’ या संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात खरेदीनंतर चौदा दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात. म्हणजे दीड तासाचा गेम शेवटपर्यंत खेळून, आवडला तरीही, पैसे परत! मग निर्माते उगाच पाणी घालणारच. आपल्या परीक्षणांत गेम संपायला लागणारा वेळ जरूर छापावा, मात्र त्यावरून गुण देऊ नयेत.

– एक वाचक, मुलुंड, मुंबई