माळवद उतरवताना पातं बघून घ्या

संपादक साहेब, नमस्कार,
आमच्या औसा-निलंगा भागात आता जुनी माळवदं, म्हणजे लाकडी तुळयांवरची मातीची सपाट छतं, उतरवायचं काम लई चालू आहे, आणि पोरं रेसिप्रोकेटिंग सॉ (पातं मागं-पुढं चालणारी मशीनची करवत) घेऊन येतात पण पातं मिळंल ते लावतात. सागाच्या तुळईत जुने खिळे गच्च बसलेले असतात, वरून दिसत पण नाहीत, तिथं साधं कार्बन स्टीलचं पातं खिळ्याला लागलं की दात गेलेच समजा. अशा लाकडाला बायमेटलचं (अंग लवचिक पोलादाचं, दात कडक पोलादाचे), जाड अंगाचं, इंचाला ६ ते १० दात असलेलं पातं घ्या, महाग पडतं पण टिकतं. पातळ पत्रा, पाइप असंल तर १८ दात, कारण कापायच्या जाडीत निदान ३ दात बसले पाहिजेत, नाहीतर पातं अडकतं न हाताला झटका बसतो. बिडाच्या पाइपाला मात्र कार्बाइड दाताचंच, म्हणजे पोलादापेक्षाही कडक दातांचं.

दुकानदारांना एकच विनंती, पाकिटावरचं हे सगळं गिऱ्हाइकाला मराठीत समजावून सांगा. आणि भिंतीत सॉ घालायच्या आधी मीटरवरून लाईट बंद करा, चष्मा लावा, मागच्या वर्षी आमच्या एका पोराचा डोळा थोडक्यात वाचला.

एक मिस्त्री, ता. औसा, जि. लातूर